रंगवलेल्या चामड्यावरचा शेवटचा हात

डाय केलेल्या किंवा रंगांनी चितारलेल्या चामड्याला शेवटी काय लावावे आणि तेही कमी खर्चात कसे जमवावे, अशा आशयाच्या प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. सुरुवातीलाच एक फरक सांगायला हवा, कारण पुढे तो सारखा लागेल. डाय चामड्याच्या तंतूंत मुरतो. अ‍ॅक्रिलिक रंग मुरत नाही, तो वर पातळ पापुद्र्यासारखा बसतो. म्हणून डायची तक्रार असते रंग सुटण्याची आणि अ‍ॅक्रिलिकची तक्रार असते तडे जाण्याची.

प्रश्न : कंबरेचा पट्टा काळ्या स्पिरिट डायने (अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या रंगाने) रंगवला. वरून दोनदा मेणाचे पॉलिश लावले, तरी पांढऱ्या कपड्यांना काळे लागते. महागडे सीलर (रंग आत बंद करणारा वरचा थर, म्हणजेच फिनिश) घ्यावे का?

आत्ता घेऊ नका. कपड्याला लागते ती वर साचलेली रंगाची भुकटी. डायमधले स्पिरिट उडून जाते आणि रंगद्रव्य मागे उरते. तंतूंना पेलेल तेवढे आत जाते, बाकीचे पृष्ठभागावरच सुकते. काळा, गडद निळा आणि लाल या रंगांत हे हमखास घडते, कारण मनाजोगती छटा येईपर्यंत आपण हातावर हात मारत राहतो. मेण या भुकटीला बांधून ठेवत नाही. ते मुळात मऊ, अंगाच्या उबेने आणखी मऊ होते आणि भुकटीला घेऊनच कपड्यावर उतरते.

तेव्हा पहिल्यांदा मेण काढा. टर्पेंटाइन किंवा मिनरल स्पिरिटने (हे पेट्रोलियमपासूनचे द्रावक, डायमधले स्पिरिट नव्हे) जेमतेम ओलसर केलेल्या सुती चिंधीने पट्टा पुसा आणि चिंधी मळली की लगेच बदला. हे काम उघड्या हवेत, आगीपासून लांब करावे. वापरलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, पसरून वाळवाव्यात. पट्टा एक दिवस सुकू द्या.

मग खरे काम, म्हणजे घासणे. जुन्या टॉवेलसारखे किंवा जीन्ससारखे खरखरीत, कोरडे सुती कापड घ्या आणि दाब देऊन लांब लांब घासा. एका पट्ट्याला १५ ते २० मिनिटे सहज लागतात आणि मनगट दुखू लागते, पण या कामाला पर्याय नाही. एवढे करूनही काळे येतच राहिले, तर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा पुसा, रात्रभर वाळवा आणि पुन्हा घासा. फारच हट्टी रंग असेल, तर तेच काम स्पिरिटने नावापुरत्या ओलसर केलेल्या कापडाने करावे. छटा किंचित उतरेल, पण साचलेले निघून जाईल.

झाले की नाही हे नजरेवर सोडू नका. पांढरे सुती कापड बोटाला गुंडाळून एकाच जागी २० वेळा कोरडे घासा. मग दुसऱ्या जागी, ओले करून पिळलेल्या कापडाने २० वेळा. कोरड्या कापडावर काहीही येता कामा नये. ओल्यावर अगदी फिकट छटा आली तर चालेल, ती सीलरचे दोन पातळ हात अडवतील. कोरड्यावरच रंग येत असेल, तर सीलरची बाटली उघडू नका. सीलर त्या भुकटीवर बसेल, चामड्यावर बसणार नाही आणि पट्टा वाकला की सालासारखा निघेल.

पास झालेल्या पट्ट्याला निम्मे पाणी घातलेल्या अ‍ॅक्रिलिक फिनिशचे दोन हात द्या. दोन्हींत एक तास अंतर ठेवा आणि वापरायला काढण्यापूर्वी किमान २४ तास थांबा. कपड्यांवर घासते ती पट्ट्याची मागची बाजू आणि कडा, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात. छिद्रांच्या आतल्या कडांनाही कापसाच्या काडीने फिनिश लावा, कारण बकलाची कांडी तिथेच रंग खरवडते.

पुढचा पट्टा रंगवताना डायमध्ये तेवढेच स्पिरिट घालून पातळ करा आणि तीन हलके हात द्या. काळा हवा असेल तर खाली एक हात निळ्याचा द्यावा. काळा त्यावर लवकर भरतो, म्हणजे एकूण रंग कमी लागतो आणि सुटणाराही कमी उरतो.

प्रश्न : एकच बाटली घेण्याची ऐपत आहे. कोणती घ्यावी?

पाण्यात पातळ होणारे, चामड्यासाठीच बनवलेले अ‍ॅक्रिलिक फिनिश, आणि तेही चकाकीवाले. यांत रेझोलिन हे नाव सर्वांत परिचित आहे, पण या प्रकारातले कुठलेही चालेल. चकाकीवाले घ्या असे म्हणण्याला कारण आहे. मॅट फिनिशमध्ये चकाकी घालवण्यासाठी बारीक पूड घातलेली असते आणि काळ्या किंवा गडद तपकिरी चामड्यावर ती धुरकट दिसू शकते. चकाकीवाल्यात निम्मे पाणी घातले की चमक आपोआप बेताची होते. बाटली दुप्पट पुरते हा वरचा फायदा.

किती लागेल याचा हिशेब करून पाहा. ११० सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद पट्टा म्हणजे एका बाजूला ४४० चौरस सेंमी. ओला थर ५० मायक्रॉनचा धरला, तर एका हाताला साधारण २.२ मिली मिश्रण लागते. स्पंजही जवळपास तेवढेच पितो, म्हणून ५ मिली धरू. त्यात निम्मे पाणी, म्हणजे मूळ फिनिश २.५ मिली. दोन्ही बाजूंना दोन-दोन हात दिले तरी १० मिली. १०० मिलीच्या बाटलीत दहा पट्टे होतात. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नये, कारण उघडलेले फिनिश हळूहळू दाटते आणि त्यात गुठळ्या होतात.

ब्रश नको, त्याचे ओरखडे राहतात. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा दोन बोटे रुंद तुकडा कापा, पाण्यात भिजवून घट्ट पिळा, मग मिश्रणात बुडवून पुन्हा थोडा पिळा. कोरडा स्पंज फिनिश पितो आणि फेस करतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने न्या. मागे राहिलेली जागा दिसली तरी परतून जाऊ नका, ती दुसऱ्या हातात भरेल.

राळेवर आधारलेली टॅन-कोटसारखी फिनिशेही मिळतात. ती मऊ बसतात आणि चामड्याचा मूळ पोत झाकत नाहीत, त्यामुळे पाकिटाला शोभतात. पाण्यापुढे मात्र ती कमी टिकतात. पट्टा, चपलेचे अंगठे, बॅगेचे बंद यांना अ‍ॅक्रिलिकच बरे.

प्रश्न : घरात फरशीचे पॉलिश, चपड्याचे पॉलिश, लाकडाचे पॉलियुरेथेन वार्निश, नेलपॉलिश आणि पांढरा गोंद आहे. यांतले काय वापरता येईल?

फरशीचे पॉलिश, तेही एका अटीवर. ते दुधाळ, पाण्यासारखे पातळ आणि अ‍ॅक्रिलिक पॉलिमरचे असले पाहिजे. मेणाचे किंवा घासलेटासारखा वास येणारे नको. मूळ रसायन चामड्याच्या फिनिशच्याच जातकुळीतले असते, फरक आहे तो लवचीकपणात. फरशी वाकत नाही, त्यामुळे हे पॉलिश कडक बनवलेले असते. मुखवटा, म्यान, खोके, भिंतीवर लावायचे चित्र अशा न वाकणाऱ्या वस्तूंना ते उत्तम. मुळातच पातळ असल्याने पाणी न घालता दोन हात द्यावेत. पट्ट्याला किंवा पाकिटाच्या घडीला लावले तर काही दिवसांत घडीवर बारीक पांढऱ्या रेघा उमटतात. आणखी एक, हे पॉलिश अमोनियाने विरघळते. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरने अशी वस्तू पुसू नये. चूक सुधारायची असेल तेव्हा मात्र हाच गुण उपयोगी पडतो.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो आणि तुमचा डायही स्पिरिटचाच. चपड्याचा बोळा फिरला की खालचा रंग उठतो आणि नक्षीवर पसरतो. वाळलेला थर ठिसूळ असतो, पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग धरतो. एरंडेलाचे काही थेंब मिसळले तर ठिसूळपणा थोडा कमी होतो, तरी वाकणाऱ्या चामड्याला तो नकोच.

तेलाचे पॉलियुरेथेन वार्निश पिवळे पडते आणि घडीवर तडकते. नेलपॉलिशमधले द्रावक डाय आणि अ‍ॅक्रिलिक रंग दोन्ही विरघळवते, शिवाय त्याचा पापुद्रा वाढत्या दिवसांबरोबर आणखी कडक होतो. बकलाच्या पितळेला काळे पडू नये म्हणून नेलपॉलिश खुशाल लावा, चामड्याला नको. पांढरा गोंद सुकल्यावर स्वच्छ दिसतो, पण ओल लागली की पुन्हा मऊ आणि दुधाळ होतो.

तुमच्या यादीत नसलेली एक वस्तू सुचवतो, चित्रकारांचे अ‍ॅक्रिलिक मीडियम. रंगातून रंगद्रव्य वगळले तर जे उरेल ते हेच. चित्रकला करणाऱ्या घरात अर्धी बाटली पडलेली असते. एक भाग मीडियम आणि एक भाग पाणी असे करून तीन अतिपातळ हात द्या. ते चांगले लवचीक असते. उष्ण हवेत किंचित चिकट राहते एवढी खोड आहे, म्हणून आठवडाभर वाळवून वर मेणाचा हलका हात द्यावा. पैशाची अगदीच चणचण असेल आणि वस्तू वाकणारी असेल, तर फरशीच्या पॉलिशपेक्षा आम्ही याच्याच बाजूने कौल देऊ.

प्रश्न : व्हिनेगर आणि मीठ लावले की डाय पक्का होतो असे ऐकले. खरे का?

नाही. चामड्याच्या कारखान्यात आम्लाने रंग पक्का करतात हे खरे, पण तिथे अख्खे चामडे रंगाच्या पाण्यात फिरत असते आणि फॉर्मिक आम्ल मोजून घालतात. वाळलेल्या स्पिरिट डायवर व्हिनेगरचा बोळा फिरवून तसे काही घडत नाही. मीठ तर अपायच करते, ते तंतूंत जाऊन बसते आणि पुढे पांढऱ्या भुकटीच्या रूपाने वर येते.

व्हिनेगरचा खरा उपयोग दुसराच आहे, आणि काळा रंग हवा असणाऱ्यांनी तो जरूर करून पाहावा. वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या, म्हणजे व्हेज-टॅन चामड्यात टॅनिन असते. टॅनिनला लोह मिळाले की तंतूंच्या आतच काळा रंग तयार होतो. वर भुकटी साचण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. अगदी बारीक लोखंडी लोकर (स्टील वूल) १५ ग्रॅम घ्या, साबणाने धुऊन तिचे तेल काढा, पिंजून ५०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका. झाकण सैल ठेवा, कारण आतून हायड्रोजन निघतो. घट्ट बंद बाटली फुटू शकते. एक ते दोन आठवड्यांनी बुडबुडे थांबले की दाट कापडातून गाळा. चामडे पाण्याने किंचित ओले करून त्यावर हे पाणी सढळ हाताने लावा. आधी राखाडी, मग निळसर आणि अर्ध्या तासात काळे होत जाते. त्यानंतर १ लिटर पाण्यात १ चमचा खायचा सोडा घालून त्याने एकदा पुसा, लगेच साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. सोडा जास्त घालू नका, अल्कलीने चामडे कडक होते. वाळत आले की तेलाचा हलका हात द्या. सोड्याआधी ते निळे-राखाडी दिसले तरी घाबरू नका, तेल लागल्यावर काळे खुलते.

यावर अ‍ॅक्रिलिक नसले तरी चालते, मेण पुरते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या, म्हणजे क्रोम-टॅन चामड्यावर मात्र हा प्रयोग फसतो, त्यात टॅनिन नसते.

प्रश्न : तयार चामडी बॅगेच्या झाकणावर चित्रकलेच्या अ‍ॅक्रिलिक रंगांनी फुले काढली. झाकण जिथे वळते तिथे महिन्याभरात तडे गेले आणि टवके उडाले. वर सीलर लावले होते.

सीलरचा दोष यात बहुधा शेवटचा. तयार बॅगेच्या चामड्यावर कारखान्यात एक संरक्षक थर दिलेला असतो. तुमचा रंग चामड्याला चिकटलाच नाही, तो त्या गुळगुळीत थराला वरवर धरून होता. दुसरे कारण जाडी. चित्रकलेचा रंग ट्यूबमधून काढून तसाच लावला की जाड बसतो. पातळ थर वाकतो, जाड थराची बाहेरची बाजू ताणली जाऊन तुटते, थंडीत तर लवकरच.

दुरुस्ती अशी करा. उडत असलेला रंग चिकटपट्टी लावून ओढून काढा, जेवढा निघतो तेवढा निघू द्या. उरलेल्या रंगाच्या कडा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरत्या करा, नाहीतर नव्या रंगाखाली पायरी दिसेल. उघड्या पडलेल्या चामड्यावर अ‍ॅसिटोनने ओलसर कापूस फिरवा. आजूबाजूच्या चांगल्या रंगाला तो लागू देऊ नका, तो रंग विरघळतो. चमक जाऊन चामडे निस्तेज, किंचित खरखरीत दिसू लागले की थांबा. बॅग खरोखर चामड्याचीच आहे याची खात्री आधी करून घ्या. रेक्झिनवर अ‍ॅसिटोन पडला तर वरचा थरच चिकट होऊन निघतो. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात एक थेंब टाकून पाहणे उत्तम. बॅगेला यापूर्वी तेल किंवा मेण चोळले असेल, तर तेही याच पुसण्यात जायला हवे, तेलावर रंग धरत नाही.

आता रंग. एक भाग चित्रकलेचा रंग आणि एक भाग अ‍ॅक्रिलिक मीडियम मिसळा. पहिल्या हाताला यात पाव भाग पाणी घाला म्हणजे तो थोडा आत शिरेल. पुढचे तीन-चार हात पातळ द्या, प्रत्येक हातानंतर १५ ते २० मिनिटे थांबा. पांढरा आणि पिवळा झाकत नाहीत म्हणून त्यांना एक-दोन हात जास्त लागतात. तिथेच जाड फासण्याचा मोह होतो आणि तिथेच आधी तडा जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाकण वापरताना ज्या वळणात असते त्याच वळणात ठेवून रंगवा आणि वाळवा. बॅगेत रद्दी कागद भरून झाकण बंद स्थितीत ठेवले की झाले. सपाट ठेवून वाळवलेला रंग पहिल्याच वळणाला ताणला जातो.

रंग पूर्ण झाल्यावर २४ तास थांबा, मग निम्मे पाणी घातलेले फिनिश दोन हात. चामड्यासाठी खास बनवलेले अ‍ॅक्रिलिक रंग मऊ बांधणीचे असतात, त्यांना मीडियम लागत नाही. पण तीन-चार रंगांच्या एका चित्रासाठी ते नव्याने घेण्याची गरज नाही.

प्रश्न : कोरीव नक्षीत लाल आणि हिरवा डाय भरला. सीलर पुसताच लाल रंग पांढऱ्या भागावर पसरला.

पहिला हात पुसायचा नसतो, टिपायचा असतो. स्पंज जवळजवळ कोरडा पिळून नक्षीवर हलके टेकवत जा आणि प्रत्येक रंगाला स्पंजची वेगळी बाजू वापरा. ही पहिली साय सुकली की खालचा रंग अडकतो, दुसरा हात नेहमीसारखा देता येतो. याहून सोपा मार्ग म्हणजे फवारा. अगदी बारीक तुषार देणाऱ्या बाटलीत एक भाग फिनिश, एक भाग पाणी घालून ३० सेंमीवरून दोन-तीन धुके मारल्यासारखे फवारे द्या. थेंब ओघळेल इतके मारू नका. पसरलेला लाल आता निघणार नाही, पण पांढऱ्या भागावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात देऊन झाकता येईल. पुढच्या वेळी फिकट भाग डाय लावण्याआधीच अ‍ॅक्रिलिक फिनिशने बंद करून घ्यावेत. तिथे डाय पडला तरी फारसा मुरत नाही, लगेच ओल्या कापडाने टिपता येतो.

प्रश्न : सीलर लावल्यावर पांढुरके दिसते. काय चुकले?

पांढुरके केव्हा दिसू लागले त्यावर उत्तर अवलंबून आहे.

लावल्यावर काही तासांतच दुधाळ दिसत असेल तर थर जाड झाला किंवा हवा दमट होती आणि पाणी आत अडकले. कोरड्या, वाहत्या हवेत दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर २० सेंमीवरून, हाताला सोसेल एवढ्याच उष्णतेवर फिरवला तरी चालतो. कडाक्याच्या थंडीत, सुमारे १० अंश सेल्सिअसखाली, अ‍ॅक्रिलिकचे कण एकमेकांत नीट वितळत नाहीत आणि थर धूसर, भुसभुशीत राहतो. अशा दिवसांत काम घरातल्या उबदार खोलीत करा. मॅट फिनिश असेल आणि पांढुरकेपणा डागाडागांनी असेल, तर पूड तळाशी बसली होती. बाटली जोरात हलवून फेस करू नका, पाच-सहा वेळा हळू उलटसुलट करा. गडद चामड्यावरचा मॅटचा धुरकटपणा चकाकीवाल्या फिनिशच्या एका पातळ हाताने बराच कमी होतो.

काही आठवड्यांनी, विशेषतः थंडीत, वर पांढरी बुरशीसारखी साय आली तर ती बहुधा चरबी किंवा मेण आहे. ड्रायरच्या उबेने ती दिसेनाशी होते, मग कापडाने पुसून घ्या. उबेने जात नाही पण ओल्या फडक्याने जाते, ते मीठ. दोन्ही उपायांनी परत परत येते आणि कुबट वास आहे, तर खरोखर बुरशी समजा आणि वस्तू उन्हा-वाऱ्यात सुकवा.

पांढुरके नसून चिकट लागत असेल, तर आत तेल जास्त आहे किंवा हात जाड झाले आहेत. एक आठवडा थांबा. मोठ्या वस्तूआधी एक चाचणी करावी. त्याच चामड्याचे दोन तुकडे त्याच पद्धतीने रंगवून, सील करून, तोंडाला तोंड लावून १ किलो वजनाखाली २४ तास ठेवा. वेगळे करताना चर्र आवाज आला तर पाकिटात तेच होणार आहे. थर आणखी पातळ करा.

प्रश्न : वरून लावायचे मेण घरी कसे करावे?

मधमाशांचे मेण २० ग्रॅम, एरंडेल ६० ग्रॅम. एका डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे पाणी उकळण्याची गरज नसते आणि डबा थेट आचेवर कधीच ठेवू नये. ढवळून पसरट डबीत ओता. घट्ट हवे असेल तर एरंडेल ४० ग्रॅमवर आणा. जवस आणि सूर्यफूल तेल हवेत सुकून चिकट होतात, ती टाळा. खोबरेल थंडीत गोठते आणि पांढरे दिसते.

पाकिटाला वाटाण्याएवढे मेण पुष्कळ झाले. पातळ पसरवून १० ते १५ मिनिटांनी घासून काढा. हे नेहमी अ‍ॅक्रिलिक फिनिशच्या नंतर लावायचे. आधी मेण लावले तर त्यावर अ‍ॅक्रिलिक थेंबाथेंबांनी गोळा होते, चिकटत नाही.

प्रश्न : कडा आणि मागची केसाळ बाजू बंद करायला स्वस्त काय?

सीएमसीची, म्हणजे पाणी दाट करणाऱ्या कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजची पूड. १०० मिली कोमट पाण्यात २ ग्रॅम पूड थोडी थोडी भुरभुरत ढवळा आणि रात्रभर फुगू द्या. सकाळी दाट पेज तयार होते. कड आधी ४००, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, डाय लावा, वाळवा. त्यावर पेज लावून लाकडी दांड्याने किंवा जाड सुती कापडाने गरम होईपर्यंत रगडा. मागच्या बाजूला तीच पेज पसरवून काचेच्या बाटलीच्या बुंध्याने दाबत न्या, केस बसतात. सीएमसी पाण्यात पुन्हा मऊ पडते, म्हणून पट्ट्याच्या कडांवर शेवटी फिनिशचा एक हात हवाच. क्रोम-टॅनच्या कडा रगडून चमकत नाहीत, तिथे अ‍ॅक्रिलिक रंगाचे तीन-चार पातळ हात देऊन मध्ये मध्ये घासावे.

प्रश्न : घड्याळाचा पट्टा रंगवला आहे. मनगटाला रंग लागू नये म्हणून आतून किती हात द्यावेत?

आतून रंगवूच नका. घाम आणि घर्षण दोन्ही सतत असल्यावर सीलरचा थर तिथे फार काळ टिकत नाही. न रंगवलेल्या पातळ व्हेज-टॅन चामड्याचे अस्तर आतून चिकटवून शिवा आणि सीलर फक्त बाहेरच्या बाजूला व कडांना लावा.

प्रश्न : सील केलेली वस्तू पुढे कशी राखावी? दर वर्षी सीलर द्यावे लागते का?

धूळ कोरड्या कापडाने, डाग पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसा. स्पिरिट, सॅनिटायझर आणि अमोनियाचे क्लीनर यांपासून लांब ठेवा. सॅनिटायझरच्या ओल्या हाताने पर्स धरली तरी अ‍ॅक्रिलिक मऊ होऊन बोटांचे ठसे उमटतात. वर्षाचा हिशेब लावू नका, पाण्याचा थेंब टाकून पाहा. पाच मिनिटांनी टिपल्यावर खाली गडद डाग राहिला नसेल, तर थर शाबूत आहे. राहिला असेल, तर मेण टर्पेंटाइनने काढून, एक दिवस वाळवून, निम्म्या पाण्याच्या फिनिशचा एकच हात झिजलेल्या जागेवर द्या आणि तो कडेला विरत न्या.